पहिला कॅमेरा : आभाळासाठीही आणि घरासाठीही

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झाले. जिथे आभाळ मोकळे होते तिथे चाळीच्या गच्चीवर, मैदानात, रस्त्याच्या कडेला माणसे लेकराबाळांसह उभी राहिली. तांबूस झालेला चंद्र सर्वांनी डोळ्यांनी पाहिला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मोबाईल वर धरून काढलेल्या फोटोत बहुतेकांच्या हाती नुसता एक ठिपका आला. तेव्हापासून आमच्याकडे निरनिराळ्या घरांतून एकच विचारणा होत आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, आभाळाचे फोटो काढायचे आहेत, कॅमेरा घ्या. वडील म्हणतात, हा श्रीमंतांचा नाद आहे. आई म्हणते, घ्यायचाच असेल तर घरातल्या कार्यालाही उपयोगी पडला पाहिजे. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. म्हणून आज त्याचा हिशेबच मांडू.

प्रथम वडिलांचे म्हणणे घेऊ. पोट हातावर असणाऱ्या घरात हौशीचा पैसा जपूनच सोडावा लागतो, हे आम्ही जाणतो. परंतु आभाळ पाहणे हा नाद नव्हे, ते शिक्षण आहे. शनी आणि मंगळ आज आभाळात कोठे आहेत हे जे पोर बोटाने दाखवू शकते, त्याला पुढे त्यांच्या नावाने कोणी घाबरवू शकत नाही. मात्र त्यासाठी कर्ज काढू नये. ‘बिनव्याजी हप्ता’ अशी पाटी पाहून भुलू नये. प्रक्रिया शुल्क किती आणि रोख घेतल्यास सवलत किती, हे दोन आकडे विचारावेत. शुल्क भरावे लागले आणि सवलत हुकली, तर तेच व्याज झाले.

दुसरे असे की, खरेदीपूर्वी परीक्षा घ्यावी, आणि ती फुकट घेता येते. आजच्या पुष्कळ मोबाईलमध्ये ‘प्रो’ नावाची सोय असते. त्यात शटर दहा सेकंद उघडे ठेवता येते. मोबाईल विटांच्या आधाराने आभाळाकडे तोंड करून पक्का ठेवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि हात लावू नये. मृगाचा त्रिकांड अशा रीतीने सहज उमटतो. मुलाने तीन महिन्यांत पाच-सहा रात्री हा उद्योग कंटाळा न करता केला, तर आवड खरी समजावी. दोन रात्रींत उत्साह संपला, तर घरचे पैसे वाचले.

आता कॅमेरा कशासाठी लागतो ते पाहू. अंगणात पावसाचे पाणी धरायचे तर रुंद तोंडाचे घमेले लागते आणि ते बराच वेळ बाहेर ठेवावे लागते. ताऱ्यांच्या उजेडाचेही तसेच आहे. भिंगाचे तोंड रुंद हवे आणि शटर बराच वेळ उघडे हवे. उजेड ज्याच्यावर पडतो तो सेन्सरही मोठा हवा. साध्या मोबाईलचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. कॅननच्या प्राथमिक डीएसएलआर कॅमेऱ्यात तो सुमारे २२ बाय १५ मि.मी. असतो. फरक आहे तो येथे, मेगापिक्सेलच्या आकड्यात नव्हे. म्हणून दुकानदार मेगापिक्सेल सांगू लागला की आपण तीन प्रश्न विचारावेत. शटर ३० सेकंद आणि त्याहून अधिक उघडे ठेवता येते काय? ‘रॉ’ स्वरूपात फोटो साठवता येतो काय? भिंग बदलता येते काय? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तरच पुढे बोलावे. लांब झूमचे छोटे कॅमेरे दिसायला आकर्षक असतात, पण बहुतेकांत सेन्सर लहानच असतो.

नवे मिररलेस कॅमेरे उत्तम आहेत, पण आपल्या खिशाला जड आहेत. कॅमेरा कंपन्यांचे लक्ष आता तिकडे गेल्यामुळे जुने डीएसएलआर मात्र बरेच स्वस्तात मिळतात. याचा फायदा आपण घ्यावा. कॅननचे १३००डी (२०१६) आणि १५००डी (२०१८), निकॉनचे डी३३०० (२०१४) आणि डी३५०० (२०१८) हे पहिल्या कॅमेऱ्याला पुरेसे आहेत. निकॉन डी५३०० (२०१३) किंवा कॅनन ७००डी (२०१३) मिळाला तर अधिक बरे, कारण त्यांचा पडदा बाहेर वळतो. कॅमेरा आभाळाकडे तोंड करून असताना जमिनीवर लोळून पडद्यात पाहावे लागत नाही.

वापरलेला कॅमेरा घेताना लाजू नये, पण डोळे उघडे ठेवावेत. मुंबईत फोर्टमधील बोराबाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. इतर शहरांतही लग्नाचे फोटो काढणारे जुना कॅमेरा विकतात. परंतु लग्नात राबलेल्या कॅमेऱ्याचे शटर किती वेळा चालले ते विचारावे. निकॉनने डी३३०० चे शटर एक लाख वेळा चालवून तपासलेले आहे. त्याच्या जवळ आलेला कॅमेरा स्वस्तातही घेऊ नये. भिंग उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसते का ते पाहावे. ती बुरशी असते. आपल्या दमट हवेत ती लवकर धरते आणि काढायला खर्च येतो. मग भिंगावर झाकण लावून ३० सेकंदांचा एक फोटो काढावा. काळ्या फोटोत पांढरे-तांबडे ठिपके फार दिसले, तर तो कॅमेरा आभाळाच्या कामाचा नाही. पावती आणि निदान आठवड्याची परत करण्याची बोली लेखी घ्यावी.

सगळे पैसे कॅमेऱ्यातच घालू नयेत. शंभर रुपये असतील तर सत्तर कॅमेरा आणि भिंगाला, पंधरा तिपाईला, पंधरा कार्ड, जादा बॅटरी आणि पिशवीला, असा आमचा हिशेब आहे. तिपाई डुगडुगणारी असेल तर महागडा कॅमेराही वाया जातो. घरी कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, कपाटात कपड्यांखाली नव्हे.

सोबतचे १८-५५ मि.मी. भिंग सुरुवातीला चालते. पुढे बोनस किंवा भिशी लागली की ५० मि.मी. एफ १.८ हे भिंग घ्यावे. नेहमीच्या भिंगाचे एफ ३.५ हे तोंड आणि हे एफ १.८ यांची तुलना केली, तर तेवढ्याच वेळात हे जवळजवळ चौपट उजेड आत घेते. निकॉनच्या वरील कॅमेऱ्यांसाठी ‘एएफ-एस’ असे लिहिलेलेच भिंग घ्यावे, नाहीतर फोकस हाताने करावा लागेल.

आता पहिली रात्र. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून शटर फार वेळ उघडे ठेवले की तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. त्याचा सोपा हिशेब आहे. ५०० ला भिंगाच्या मि.मी.ने भागावे, आलेल्या आकड्याला कॅननसाठी १.६ ने आणि निकॉनसाठी १.५ ने पुन्हा भागावे. कॅननवर १८ मि.मी.ला सुमारे १७ सेकंद येतात, ५० मि.मी.ला ६. त्यापेक्षा थोडे कमीच ठेवावेत. आयएसओ १६००, भिंगाचे तोंड पूर्ण उघडे, फोटो रॉमध्ये. फोकस हाताने करावा : पडद्यावर एखादा ठळक तारा मोठा करून घ्यावा आणि तो लहानात लहान ठिपका होईपर्यंत कडे फिरवावे. दोन सेकंदांचा टायमर लावावा. असे वीस-तीस फोटो काढून ‘डीपस्कायस्टॅकर’ या मोफत संगणक प्रणालीत एकत्र केले की फोटोतली खरखर कमी होते. शहरातल्यांनी ध्रुवताऱ्याकडे कॅमेरा लावून तास-दीड तास ओळीने फोटो घ्यावेत. ते जोडले की ताऱ्यांची वर्तुळे दिसतात. मुंबईतून ध्रुव क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर असतो, नागपुरातून २१.

चंद्राचे गणित वेगळे. पौर्णिमेचा चंद्र उन्हात उभा आहे असे समजावे : आयएसओ १००, एफ ११, शटर सेकंदाचा शंभरावा भाग. ग्रहणात तो तांबूस झाला की मात्र शटर सेकंद-दोन सेकंद उघडे ठेवावे लागते. सूर्याकडे गाळणीशिवाय कॅमेरा कधीही वळवू नये. त्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याचा डोळा जाऊ शकतो.

आकाशगंगेसाठी सर्वात चांगली रात्र अमावास्येची. ज्या रात्री घराबाहेर पडू नये असे पूर्वी सांगत, त्याच रात्री चंद्राचा उजेड नसल्याने आभाळ सर्वाधिक भरलेले दिसते. जून ते सप्टेंबर ढगांत जातात. मार्च ते मे या महिन्यांत पहाटेपूर्वी आकाशगंगेचा दाट भाग दक्षिणेकडे दिसतो. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, पण तितके लांब जाण्याची गरज नाही. आपले गाव पुरे. दिवाळीत किंवा उन्हाळ्यात गावी जाताना कॅमेरा बरोबर न्यावा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ अनेक वर्षे आकाशदर्शन घडवीत आहेत. अशा गटाबरोबर मुलांना पाठवावे. मुलींनाही पाठवावे. रात्र आहे म्हणून मुलीला घरी आणि मुलाला माळावर, असा भेद करू नये. सोबतीची नीट व्यवस्था करावी, ती दोघांसाठीही करावी.

राहिले आईचे म्हणणे. ज्या ५० मि.मी. भिंगाने तारे टिपता येतात, तेच शाळेच्या स्नेहसंमेलनात अंधुक रंगमंचावर, बारशाला आणि हॉलमधल्या लग्नात फ्लॅशशिवाय चालते. आणखी एक काम आहे, आणि आमच्या मते ते सर्वात आधी करावे. आपल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांचा एकही धड फोटो नाही. माणूस गेल्यावर ओळखपत्रावरचा इवलासा चेहरा मोठा करून भिंतीवर लावावा लागतो, आणि त्यात डोळेसुद्धा नीट दिसत नाहीत. कॅमेरा घरी आला की पहिल्याच रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना खिडकीजवळ बसवावे, दोन गोष्टी बोलत्या कराव्यात आणि फोटो काढावेत. त्यातले दोन कागदावर छापून घ्यावेत. एक आपल्या घरी ठेवावा, एक गावी पाठवावा. तारे पुढच्या अमावास्येलाही तिथेच असतील.