बंद खोलीत म्हातारी बोलेल का?

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात २००३ साली 'स्टोरीकोअर'वाल्यांनी एक छोटी खोली उभारली. दोघांनी आत बसून बोलायचं, ते जपून ठेवायचं. हिंगोलीच्या एसटी स्टँडवर तशी खोली करावी का? माझं मत विचाराल तर नको. आमच्याकडची म्हातारी बंद खोलीत यंत्रापुढे काय बोलणार? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या चमूने जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, त्या गावोगाव बायकांपाशी जाऊन.

दर १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाची भाषणं ऐकतो. रझाकारांच्या भीतीनं रात्र रानात काढलेली बाई त्यात नसते. पोलीस कारवाईनंतर ज्यांच्यावर हल्ले झाले ते मुसलमान शेजारी तर नसतातच. सुंदरलाल समितीचा त्यावरचा अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. दोघांचंही ऐकायला हवं.

१९४८ साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. खोलीचं टेंडर निघेपर्यंत ते थांबणार थोडंच! मोबाईल घराघरांत आहे. नातवानं आजीजवळ बसावं, मधे बोलू नये (आम्हा मास्तरांना हेच जमत नाही). सुरुवातीला गावाचं नाव आणि तारीख तेवढी बोलून घ्यावी.