आईबाबांसाठी नेलेली बाटली

भारतवारी जवळ आली की आपल्या बॅगेत चॉकलेटांशेजारी हल्ली आणखी एक वस्तू जाते: ‘इम्यून सपोर्ट’ लिहिलेली क्वेरसेटिनची बाटली, आईबाबांसाठी. नेतो प्रेमापोटीच. पण बाटलीवरचा दावा आपण तपासून पाहत नाही, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

क्वेरसेटिन हे कांद्यात भरपूर असणारं फ्लॅव्होनॉइड. प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींवर टाकलं की त्याचा परिणाम दिसतो, यात वाद नाही. मास्ट पेशी हिस्टामिन कमी सोडतात, टी पेशींची वाढ मंदावते, दाह पेटवणारी रसायनं घटतात. पण ही शक्ती वाढल्याची लक्षणं नव्हेत, आवरल्याची आहेत. मग ‘बूस्टर’ कशाच्या जोरावर म्हणायचं?

शिवाय मात्रेचं काय? काचेच्या बशीतल्या प्रयोगांत बहुधा 10 ते 100 मायक्रोमोलर क्वेरसेटिन वापरतात. गोळी गिळल्यावर मात्र आतड्याचं अस्तर आणि यकृत त्याचं रूप पालटतात. रक्तात मूळ क्वेरसेटिन जवळजवळ उरतच नाही. वनस्पतींच्या अर्कांत तर आणखी एक मेख आहे. अर्कात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन मिसळलेलं असेल, तर पेशी त्यानंच खवळतात आणि श्रेय अर्काला जातं.

माणसांवरच्या चाचण्या? 2010 साली अमेरिकेतल्या अशा एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 1002 जण, 12 आठवडे, रोज 500 किंवा 1000 मिलिग्रॅम क्वेरसेटिन, तुलनेला नुसती गोळी. सर्दी-पडशाचं प्रमाण एकूणात घटलं नाही. चाळिशीपुढच्या तंदुरुस्त उपगटात आजारपणाचे दिवस कमी दिसले, पण तेवढ्यावर सरसकट दावा उभा राहत नाही.

“नुकसान तर नाही ना?” असं कुणी विचारेल. मूत्रपिंड बदललेल्या काकांना विचारा. ते प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असतात, आणि त्यांतल्या सायक्लोस्पोरिनचं रक्तातलं प्रमाण क्वेरसेटिनमुळे बदलू शकतं.

अमेरिकेच्या 1994 च्या कायद्याप्रमाणे अशी गोळी उपयोगी आहे हे विकण्याआधी एफडीएपुढे सिद्ध करावं लागत नाही. एफडीएनं दावा तपासलेला नाही, असं बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. ते आपण वाचत नाही. आईबाबा तर ‘अमेरिकेतून आलंय’ एवढंच वाचतात.

तेव्हा यंदा बाटली राहू द्या. त्यांच्या डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत एकदा जाऊन या, चालू औषधांची यादी घेऊन.