रिकामा, गैरहजर आणि निरंक

सरकारी कागदांत एक शब्द असतो, 'निरंक'. ऑफिसातली नवी पोरं तो वाचून फिदीफिदी हसतात. काय तो शब्द, म्हणे. मला विचाराल तर तो एक शब्द आपल्या धंद्यातल्या निम्म्या आर्किटेक्ट लोकांपेक्षा शहाणा आहे.

निरंक म्हणजे काय? तर कोणीतरी वही उघडली, पाहिलं, नोंदवण्यासारखं काही सापडलं नाही, आणि तसं लिहून खाली सही केली. रकाना नुसता रिकामा असेल तर कोणी पाहिलं की नाही, हेच कळत नाही. आणि रकानाच नसेल तर प्रश्नच विचारला नव्हता. तीन वेगळ्या गोष्टी आहेत या, आणि कुठल्याही तलाठी कार्यालयातल्या कोतवालाला त्यांतला फरक कळतो. आपण मात्र तिन्ही उचलून शून्यात नाहीतर रिकाम्या स्ट्रिंगमध्ये कोंबतो आणि त्याला 'डिफॉल्ट हँडलिंग' असं भारदस्त नाव देतो.

तर मंडळी, या शनिवारचं भांडण एक्सएमएलशी नाही. ते बिचारं सगळं सांगायला तयार आहे. भांडण आहे त्याला धड प्रश्न न विचारणाऱ्यांशी.

उदाहरण आपल्या ओळखीच्या रस्त्यावरचं घेऊ. पुण्यातून सातारा रोडने निघून नसरापूरला वळलात की पुढे मार्गासनी लागतं. तिथून एक वाट साखर-गुंजवण्याकडे, म्हणजे राजगडाला जाते, आणि दुसरी वेल्ह्याला, म्हणजे तोरण्याला. ट्रेकला जाणाऱ्यांपैकी कोणाला हे सांगायची गरज नाही. समजा या ठिकाणांची एक फाईल आहे:

<ठिकाण><नाव>तोरणा</नाव><उंची>१४०३</उंची></ठिकाण>
<ठिकाण><नाव>राजगड</नाव><उंची>१३७६</उंची></ठिकाण>
<ठिकाण><नाव>मार्गासनी</नाव><उंची/></ठिकाण>
<ठिकाण><नाव>साखर</नाव></ठिकाण>

(टॅगची नावं देवनागरीत पाहून दचकू नका. एक्सएमएलला ती पहिल्या दिवसापासून, म्हणजे १९९८ पासून चालतात, आपणच वापरत नाही. आकडे मात्र इथे वाचायला बरे म्हणून मराठीत दिलेत. खऱ्या फायलीत इंग्रजी आकडेच हवेत, नाहीतर एक्सपाथ त्यांना आकडा मानत नाही.)

मार्गासनीला उंचीचा टॅग आहे पण आत काही नाही. साखरला टॅगच नाही. आता एक्सपाथ १.० ला विचारू, ज्यांची उंची १३७६ नाही अशी ठिकाणं दे: [उंची != १३७६]. उत्तर येतं तोरणा आणि मार्गासनी. साखर गायब. तोच प्रश्न दुसऱ्या तोंडाने विचारा, [नॉट(उंची = १३७६)]. आता येतात तोरणा, मार्गासनी आणि साखर. मराठीत दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच वाटतो, हीच तर गोम आहे. पहिलं वाक्य विचारतं, '१३७६ पेक्षा वेगळी अशी एखादी उंची इथे आहे का?' दुसरं विचारतं, '१३७६ ही उंची इथे नाही ना?' साखरला उंचीच नसल्याने पहिल्याचं उत्तर नाही आणि दुसऱ्याचं हो. मार्गासनी पहिल्यात आलं ते वेगळ्याच कारणाने. रिकाम्या टॅगचा आकडा करायला गेलं की 'हा आकडा नव्हे' असं मूल्य मिळतं, आणि ते कशाच्याच बरोबरीचं नसतं. एकच यादी, पण दोन गावं आत-बाहेर होण्याची कारणं निरनिराळी.

पुढे गंमत बघा. [उंची = ''] म्हटलं की फक्त मार्गासनी. [नॉट(उंची)] म्हटलं की फक्त साखर. [स्ट्रिंग(उंची) = ''] म्हटलं की दोघंही, कारण नसलेल्या टॅगची स्ट्रिंगसुद्धा रिकामीच निघते. सगळ्यात जास्त कोडमध्ये हा तिसरा प्रकार सापडतो. का? कारण तो 'चालतो'. म्हणजे एरर देत नाही. आपल्याकडे चालणे या क्रियापदाची व्याख्या एवढीच उरली आहे.

आणि बेरीज? एक्सपाथ १.० मध्ये सगळ्या उंचींची बेरीज मागितली तर एकट्या मार्गासनीच्या रिकाम्या टॅगपायी पूर्ण उत्तर नासतं. साखरमुळे काहीच होत नाही, ते गुपचूप वगळलं जातं. २००७ साली आलेला एक्सपाथ २.० याबाबतीत सरळ आहे, रिकाम्या टॅगशी थांबतो आणि एरर फेकतो. लोक वैतागतात. मला तो वागणुकीला बरा वाटतो. निदान तोंडावर सांगतो.

मग त्या एररवर उपाय म्हणून कोणीतरी रिकाम्या जागी शून्य भरतो, आणि सरासरी उंची काढतो. खरी सरासरी, ज्यांची माहिती आहे त्यांची, १३८९.५ मीटर. मार्गासनीला शून्य धरलं की ९२६.३३. साखरलाही धरलं की ६९४.७५. तीन आकडे, तिन्ही एकाच फायलीतून, आणि स्लाइडवर कुठलाही टाकलात तरी मीटिंगमध्ये मान डोलावणारे तेवढेच.

डेटाबेसवाल्यांनी यात भरच घातली आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्हॅल्यू मेथडने या रिकाम्या टॅगचा पूर्णांक मागा. शून्य मिळतो. म्हणजे मार्गासनी थेट समुद्रसपाटीला, अलिबागच्या शेजारी! साखरसाठी नल मिळतो, तो ठीक. तीच मेथड रिकाम्या टॅगची तारीख मागितली तर १ जानेवारी १९०० देते. टेक्स्ट नोड मागून हे टाळता येतं, पण मग रिकामा आणि गैरहजर दोघंही नल होतात, म्हणजे फरक पुन्हा पुसला. ओरॅकलमध्ये तर रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल, त्यामुळे तिथे हा वाद सुरू होण्याआधीच संपतो. शिवाय एक्सएमएल तयार करताना एक्सएमएलफॉरेस्ट वापरलं तर नल असलेला टॅग उडून जातो, एक्सएमएलएलिमेंट वापरलं तर रिकामा टॅग येतो. म्हणजे टॅग आहे की नाही हे माहितीवरून ठरत नाही, पलीकडच्या डेव्हलपरने त्या दिवशी कुठलं फंक्शन टाइप केलं त्यावरून ठरतं. आणि आपण त्यातून अर्थ काढत बसायचं.

ती १९०० सालची तारीख मी एका क्लायंटकडे जिवंत पाहिली आहे. नाव नको. जन्मतारीख न दिलेले सगळे ग्राहक शंभरी ओलांडलेले, आणि सिस्टिमने त्यांना इमानदारीत ज्येष्ठ नागरिकांचा दर लावलेला. कोणाच्या लक्षात आलं? टेस्टिंगच्या नाही. एका तिशीतल्या ग्राहकाच्या, ज्याला जास्त व्याज मिळालं आणि त्याने स्वतःहून कळवलं. त्यावर क्लायंटच्या टीमचं उत्तर होतं, 'फीडमध्येच रिकामं आलं होतं.' अहो, रिकामं आलं होतं तर तुम्ही त्यात १९०० का भरलंत?

आता चौथा रिकामेपणा, आणि हा सगळ्यात हलकट. तुमचा प्रश्नच चुकला तरी एक्सपाथ रिकामं उत्तर देतो. राजगडाच्या ट्रेकची जीपीएक्स फाईल घ्या, ती एक्सएमएलच असते. तिला नेमस्पेस असते. ती न सांगता उंचीचा टॅग मागितला तर काहीही मिळत नाही, आणि एररही येत नाही. 'मार्गासनी'च्या जागी 'मार्गासणी' लिहिलंत, तेच. २०२४ मध्ये सरकारने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. ज्यांच्या क्वेरीत [तालुका = 'वेल्हे'] असं कोरून ठेवलं आहे, त्यांना नवं नाव असलेल्या फायलीतून शून्य गावं मिळणार. आणि रिपोर्ट छापणार की या तालुक्यात लाभार्थी नाहीत. नाहीत, की तुम्ही जुन्या नावाने हाका मारताय?

यावर नेहमीची तीन उत्तरं मिळतात. पहिलं, 'बिझनेसला फरक पडत नाही.' विचारलं होतं का बिझनेसला? दुसरं, 'स्कीमामध्ये ऑप्शनल आहे.' स्कीमा लिहिणाऱ्याने कंटाळून सगळंच ऑप्शनल ठेवलं, त्याला कागदपत्र मानायचं? आणि तिसरं, 'आता एक्सएमएल कोण वापरतं, आम्ही जेसनवर आहोत.' अभिनंदन. तुमच्याकडेही की नसणे, नल असणे आणि रिकामी स्ट्रिंग असणे हे तिन्ही आहेतच. घर बदललं, भाडेकरू तेच.

उपाय नवा शोधायचा आहे असंही नाही. एक्सएमएल स्कीमाने २००१ मध्येच 'निल'चं अ‍ॅट्रिब्यूट दिलं, टॅग हजर पण मूल्य मुद्दाम नाही असं सांगायला. (त्याची किंमत 'ट्रू' किंवा '१' दोन्ही चालतात. तपासणारे फक्त 'ट्रू' तपासतात. असो.) पण त्यातूनही 'का नाही' ते कळत नाही. ते सांगायचं काम हॉस्पिटलच्या नोंदींसाठी असलेल्या एचएलसेव्हनच्या सीडीए या एक्सएमएल नमुन्याने केलं. त्यात 'नलफ्लेवर' नावाची सोय आहे. माहिती नाही, विचारलं पण सांगता आलं नाही, विचारलंच नाही, लागू नाही, या प्रत्येकाला वेगळा कोड. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी 'नाही' आणि पेनिसिलिनबद्दल 'विचारलं नाही' यांतला फरक डॉक्टरला इंजेक्शन भरण्यापूर्वी कळलेला बरा. तिथे कोणी रिकाम्या टॅगला 'नाही' डिफॉल्ट ठेवलं, तर तो बग जिराच्या तिकिटात मावणार नाही.

हे अमेरिकन शहाणपण वाटत असेल तर पुन्हा मार्गासनीला या. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला प्लॉट घ्यायचं खूळ आपल्या आयटीवाल्यांत चांगलंच आहे. घेताना सातबारा बघतात, 'इतर हक्क' कोरा दिसला की 'क्लिअर आहे' म्हणून टोकन देऊन मोकळे होतात. कोरा म्हणजे बोजा नाही, कूळ नाही, की नोंद अजून चढायची आहे? हाच आपला रिकामा टॅग, फक्त इथे पैसे तुमचे आहेत. महसूल खात्याला हा प्रश्न कळला होता. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा फेरफार प्रलंबित नसेल तर नाही असं स्पष्ट छापायचं ठरलं. म्हणजे निरंक. जमीन बिनशेती झाली की पिकांच्या नोंदीचा बारा नंबरचा नमुना लागत नाही. पण तोही गुपचूप गळत नाही, या क्षेत्राला त्याची आवश्यकता नाही अशी सूचना सातबाऱ्यावर येते. म्हणजे 'लागू नाही', कारणासकट. सातबाऱ्याच्या पोटात एक्सएमएल आहे असं मी म्हणत नाही. तो नमुना ठरवणाऱ्याने आपल्या स्कीमावाल्यांपेक्षा जास्त विचार केला होता, एवढंच म्हणतोय.

जीएसटीचंही तेच. धंदा झाला नाही तरी निल रिटर्न भरावाच लागतो. भरला तर निरंक, नाही भरला तर गैरहजर. या दोन्हींतल्या फरकाची किंमत दिवसाला २० रुपये लेट फी अशी सरकारने चक्क ठरवून दिली आहे. चेकवर आकड्यानंतर 'फक्त' लिहिणारी, रजिस्टरच्या मोकळ्या जागेवर तिरकी रेघ ओढणारी माणसं आपल्याच घरात आहेत. मोकळी जागा उघडी टाकायची नाही हे त्यांना कोणी डिझाइन पॅटर्न म्हणून शिकवलं नव्हतं.

आमच्या टीममध्ये आता एक्सपाथ असलेला कुठलाही कोड रिव्ह्यूला आला की तीन फायली चालवून दाखवाव्या लागतात: टॅग भरलेली, टॅग रिकामी, टॅग नसलेली. तिन्हींची अपेक्षित उत्तरं आधी लिहायची, आणि ती डेव्हलपरने नाही, ज्याचा डेटा आहे त्याने सांगायची. 'काहीही चालेल' हे उत्तर घेत नाही. पहिल्या महिन्यात शिव्या खाल्ल्या, दुसऱ्या महिन्यात फीड पाठवणाऱ्यांना लाजेकाजेस्तव स्वतःचा स्कीमा वाचावा लागला. चौथी फाईल, तालुका राजगड लिहिलेली, आम्ही गेल्या आठवड्यात त्यात टाकली.