चरीच्या काठावर जाणता माणूस हवा



क्षारपड व पाणथळ जमिनीत सच्छिद्र पाईप टाकून निचरा केला की मेलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहतो, हे आता कुणाला पटवून सांगावे लागत नाही. तोडणी आटोपून रान मोकळे झाले की उन्हाळ्यात जेसीबी व पोकलेन बांधावर येतात. बाजूच्या चरी कमरेपासून छातीपर्यंत खोल असतात. पण मुख्य चर आणि चेंबरचा खड्डा पुरुषभर, कधी त्याहूनही खोल जातो. आमचे म्हणणे या खोल कामाविषयी आहे. पाईप कुठला घ्यावा यावर आपण चार दिवस चर्चा करतो. पण माणूस चरीत उतरतो तेव्हा काठावर देखरेखीला कोण आहे, हे कुणी विचारत नाही.

"माती दगडावाणी हाय, काय होत नाही," असे सर्रास ऐकू येते. काळी माती वरून कडक दिसते, पण तिला भेगा असतात. पाणथळ रानात खालचा थर ओला असतो. तो सुटला की वरची उभी कड एकदम खाली येते. पळायला सवड मिळत नाही. एक घनमीटर ओली माती दीड ते दोन टन भरते. म्हणजे टायरगाडीभर ऊसच अंगावर आला म्हणायचा! डोके वर राहिले तरी माणूस वाचेलच असे नाही. छातीपर्यंत गाडला गेला की प्रत्येक श्वास सोडताना माती आणखी आवळते आणि पुढचा श्वास घेता येत नाही.

दीड मीटर, म्हणजे सुमारे ५ फुटांहून खोल चरीला आधार द्यावा किंवा कडा उतरत्या कराव्यात, असे खोदकामाच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक आय.एस. ३७६४ (१९९२) सांगते. नियम छापलेला आहे; तो रानात पाळून घेणारा माणूस नाही, हे खरे दुखणे आहे. ठेकेदाराला फुटाच्या दराने पैसे मिळतात, म्हणून त्याला घाई. मशीनवाल्याला तास दिसतो. मजुराला "थांबा" म्हणण्याचा अधिकारच नाही. उरतो तो शेतमालक, आणि तो चहा आणायला गेलेला असतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, देखरेख करणाऱ्यास रीतसर शिक्षण द्यावे. प्रत्येक गट कार्यालयातून एक शेती मदतनीस आणि त्या हंगामात निचरा करणारे सभासद यांना खोदाईपूर्वी दोन दिवस रानातच शिकवावे. माती हाताळून ओळखणे; सकाळी, जेवणाच्या सुट्टीनंतर आणि पाऊस झाल्यास पुन्हा कडा तपासणे; काठाला समांतर भेग किंवा चरीत झिरपणारे पाणी दिसताच माणसे वर घेणे. मातीचा ढीग काठापासून निदान दीड मीटर दूर टाकणे, ट्रॉली काठाला न लावणे, शिडी जवळच ठेवणे. बकेटखाली कुणी थांबू नये, हेही त्यातच आले. कड ढासळलीच तर दुसऱ्याने भावनेच्या भरात उडी टाकू नये, आणि गाडलेल्या माणसावर बकेट चालवू नये. यात अवघड असे काही नाही, पण शिकवल्याशिवाय ते ऐनवेळी सुचत नाही.

खर्च वाढेल, ही तक्रार खोटी नाही. ओल्या ढिल्या मातीत उभ्या १ फुटास आडवा दीड फूट उतार द्यायचा तर मशीनचे तास वाढतात. फळ्या आणि टेकू लावायचे तर लाकूड लागते. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावा, की माणूस खाली उतरायलाच हवा का? पुष्कळ जोडणी वर करून पाईप खाली सोडता येतो. उरलेला खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. रान सुधारायला आपण वर्षानुवर्षे थांबलो, मग आणखी दोन दिवस थांबायला काय हरकत आहे?

आमची सूचना काहींना आवडणार नाही, तरी मांडतो. निचऱ्यासाठी कारखान्याने पाईप किंवा उचल देताना, देखरेखीच्या शिकलेल्या माणसाचे नाव अर्जावर लिहून घ्यावे. नाव नाही, तर पाईप नाही. काम थांबवण्याचा अधिकार त्याला असावा आणि त्याचा मोबदला फुटावर नसावा. चरीत उतरणारा मजूर कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो. त्याला संध्याकाळी घरी धाडणे ही रानमालकाची, ठेकेदाराची आणि आम्हा शेतकी खात्याची एकत्र जबाबदारी आहे. येत्या गट सभेत यावर सभासदांनी मोकळेपणाने बोलावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी