नोव्हेंबर कृष्णधवलच हवा

ऑक्टोबरातली लाल-पिवळी पाने सगळेच टिपतात आणि पुण्याला आजीकडे पाठवतात. आजीला वाटते, लंडनला रोजच रंगपंचमी! नोव्हेंबरअखेरचा फोटो मात्र कोणी पाठवत नाही. चारच्या आत सूर्य मावळतो, एपिंग फॉरेस्टमधली बीचची झाडे बोडकी होतात, खाली नुसता चिखल. रंगीत फोटोत हे सगळे मळकट दिसते. कृष्णधवल फोटोत मात्र नजर फांद्यांच्या जाळ्याकडे, ओल्या खोडाकडे, मागच्या धुक्याकडे जाते. ४०० स्पीडची इलफर्ड फिल्म अंधुक उजेडातही चालते. (ही कंपनी १८७९ साली इथल्याच इलफर्डमध्ये सुरू झाली, बरं का!) फोनवरही रंग काढून टाकता येतो. आजीला हेही लंडन दिसू दे. शाळेतून आपण घरी येतो ते याच अंधारात.