दुचाकीलाही गुरू हवा

पहाटेच्या वेळी गोव्यातील कोणत्याही गावच्या फुटबॉल मैदानावर किंवा शेतांमधून जाणाऱ्या निर्जन रस्त्यावर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. स्कूटरवर अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी बसलेली असते. तिचे दोन्ही पाय जमिनीवर खरडत असतात आणि मागे तिचा बाप सीटमागची दांडी धरून धापा टाकीत धावत असतो. ‘हळू, हळू! ब्रेक लाव, ब्रेक!’ असा त्याचा घोष चालू असतो. हा व्यायाम चार दिवस चालतो. पाचव्या दिवशी बापाचा दम संपतो, मुलीचे पाय जमिनीवरून उचलले जातात आणि ‘आमच्या मुलीला स्कूटर आली’ असे सारे घर कौतुकाने सांगू लागते. सहाव्या दिवशी ती कन्या हमरस्त्यावर असते. पुढे मालाचा ट्रक, मागे प्रवासी बस आणि बाजूने पर्यटकांची भाड्याची मोटार. दृश्य मोठे लोभस आहे, यात शंका नाही. परंतु त्या मुलीला नेमके काय आले, असा प्रश्न आम्हाला पडतो. तिला तोल सांभाळता आला, इतकेच. रहदारीच्या रस्त्यावर वाहन कसे चालवावे, हे तिला कोणीही शिकवलेले नाही.

ज्या भूमीने केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका दिल्या, त्या गोमंतभूमीला गुरूचे महत्त्व आम्ही नव्याने सांगावे असे नाही. गाणे शिकायचे तर गुरूपुढे वर्षानुवर्षे बसावे लागते, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तबल्याचा बोल चुकला तर फार तर एक मैफल बिघडते. दुचाकीवर चूक झाली तर ती सुधारायला पुष्कळदा माणूसच उरत नाही. असे असूनही नवी गाडी दारात आली की आपण तिला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, देवळापुढे नेऊन नारळ फोडतो आणि किल्ली मुलाच्या हाती देऊन मोकळे होतो. गाडीची पूजा यथासांग पार पडते; चालवणाऱ्याला दीक्षा मात्र कोणीच देत नाही.

कायद्याला गुरूची आठवण नाही, असे नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली केंद्र सरकारने १९८९ मध्ये जे नियम केले, त्यांत शिकाऊ परवानाधारकाबरोबर पक्का परवाना असलेला शिक्षक असावा आणि तो वाहन ताब्यात घेऊ शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. मोटारसायकल शिकणाऱ्याने अशा शिक्षकावाचून अन्य कोणालाही मागे बसवू नये, असेही त्याच नियमात आहे. मोटारीच्या बाबतीत ही अट शहाणपणाची आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीत शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. पण मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलेल्या गुरुजींनी वाहन कसे थांबवावे? त्यांच्या हाती ना ब्रेक, ना क्लच. उलट, त्यांच्या वजनाने नवशिक्याचा उरलासुरला तोलही जायचा! मोटारीसाठी शिवलेला अंगरखा दुचाकीला चढवल्याचा हा प्रकार आहे. परिणाम असा झाला की, नियम पुस्तकात राहिला आणि पांढऱ्या पाटीवरील तांबडे ‘एल’ अक्षर घेऊन आमची तरुण पिढी एकटीच रस्त्यावर उतरली. शिकाऊ परवान्याचे तीस दिवस भरले की परीक्षा देता येते. तीत मैदानावर आठचा आकडा काढताना पाय टेकला नाही म्हणजे उमेदवार बहुधा तरतो. पण आठचा आकडा काढताना समोरून बस येत नाही, हे कोणी लक्षात घ्यायचे?

वृत्तपत्राच्या कचेरीत बसणाऱ्या आम्हा मंडळींना या प्रश्नाची एक बाजू फार जवळून दिसते. रात्री पान बंद करण्याच्या सुमारास एक बातमी येते. ‘दुचाकीस्वार जागीच ठार’ हा तिचा मथळा जणू आधीच तयार असतो. नाव, वय आणि गाव तेवढे बदलावे लागते. वय वाचताना मात्र हात थबकतो. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशभरातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांवर होती. हेल्मेटसाठी दंड होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु हेल्मेट हे पडल्यानंतरचे संरक्षण आहे. पडूच नये यासाठी जे ज्ञान लागते, त्याची व्यवस्था कोठे आहे?

हे ज्ञान काही गूढ नाही, पण ते आपोआप येत नाही. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. आमच्याकडे मात्र ‘पुढचा ब्रेक लावशील तर तोंडावर पडशील’ ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यामुळे संकटकाळी आमचा स्वार मागचाच ब्रेक दाबून घसरत जातो, किंवा घाबरून पुढचा ब्रेक भर वळणात आवळतो. वेग वळणापूर्वीच, गाडी सरळ असताना कमी करावा, हे त्याला सांगणारे कोणी नसते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, म्हणजे धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत चार-पाच मोटारींएवढी वाट संपलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. नजर खड्ड्यावर खिळली की हात गाडीला खड्ड्याकडेच नेतात. म्हणून जिथे जायचे तिथे पाहावे. उभ्या बसच्या आडून माणूस येणार, हे धरूनच चालावे. पहिल्या पावसात तांबड्या मातीचा जो चिखल डांबरावर पसरतो, त्यावर ब्रेकची आणि हँडलची भाषा मवाळ हवी. यांतील कोणती गोष्ट रिकाम्या मैदानावर शिकता येईल? हे धडे रस्त्यावरच गिरवावे लागतात, आणि तेही जाणत्याच्या नजरेखाली.

‘आम्हाला कोणी शिकवले होते? आम्ही नाही का जगलो?’ असे विचारणारे वडीलधारे आम्हाला भेटतात. त्यांना आम्ही आमचीच हकिगत सांगतो. आम्हीही एका मित्राची मोटारसायकल मागून घेऊन कोणाच्याही शिकवणीवाचून शिकलो आणि पहिल्याच पावसाळ्यात एका वळणावर आडवे झालो. गुडघ्यावरचा व्रण अजून आहे. दोष आम्ही रस्त्याला दिला, पावसाला दिला, मित्राच्या टायरलाही दिला. आपण वळणात पुढचा ब्रेक आवळला होता, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. त्या दिवशी समोरून वाहन आले नाही, एवढ्यानेच आम्ही हा अग्रलेख लिहायला उरलो आहोत. जे उरले त्यांची साक्ष सर्वांना ऐकू येते. जे गेले ते साक्ष द्यायला येत नाहीत. शिवाय तेव्हाचे रस्ते आज कोठे आहेत? वाहने वाढली, वेग वाढला. यंत्रेही सुधारली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना चाक जखडू न देणारी ब्रेकची यंत्रणा सक्तीची झाली. यंत्राला आपण शहाणे केले. स्वाराला मात्र होता तिथेच ठेवले.

दुचाकी रस्त्यावर शिकवायची कशी, याचे उत्तर इतरांनी शोधले आहे. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९९० पासून नवशिक्याला प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्याचे पहिले भाग रहदारीबाहेर होतात. शेवटचा भाग किमान दोन तास सार्वजनिक रस्त्यावर घ्यावा लागतो. शिक्षक मागच्या सीटवर बसत नाही. तो स्वतःच्या मोटारसायकलवरून मागोमाग येतो आणि कानात बसवलेल्या यंत्रातून सूचना देतो. एका शिक्षकामागे रस्त्यावर दोनांहून अधिक विद्यार्थी नेता येत नाहीत. हे प्रमाणपत्र मिळाल्यावाचून नवशिक्याला एकट्याने रस्त्यावर उतरता येत नाही. साहेबाचे सारेच अनुकरणीय असते असे आमचे मत नाही. परंतु ‘दुचाकीचा गुरू दुसऱ्या दुचाकीवर हवा’ ही साधी गोष्ट त्याच्याकडून घेण्यात कमीपणा कसला?

असे गुरू आणायचे कोठून? आमचे उत्तर आहे: आपल्याच तिठ्यांवरून. पिवळ्या मडगार्डचा मोटारसायकल पायलट ही गोव्याची खूण आहे. जिथे बस पोहोचत नसे तिथे पायलट पोहोचत असे. आजारी म्हाताऱ्यांना, उशिरा सुटलेल्या कामगारांना आणि बाजार घेऊन निघालेल्या बायाबापड्यांना त्याने घरी सुखरूप नेले. घरोघर दुचाकी आली आणि त्याच्या धंद्याला ओहोटी लागली. ज्यांच्या नावावर वर्षानुवर्षे अपघात नाही अशा पायलटांना निवडून शिकवण्याचे शास्त्र शिकवावे आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमार्फत त्यांना हे काम द्यावे. उत्तम चालवणारा उत्तम शिकवणारा असतोच असे नाही, हे आम्ही जाणून आहोत; म्हणूनच त्याला आधी प्रशिक्षण हवे. स्वतंत्र गाडीवरून शिकवणाऱ्या शिक्षकाला केंद्राच्या नियमात जागा करून द्यावी, असा आग्रह राज्याने दिल्लीत धरला पाहिजे. खर्चाचा बाऊ कोणी करू नये. लाखभराची गाडी घेणाऱ्या घराला शिकवणीचे चार पैसे जड नाहीत. जिथे खरोखर जड आहेत तिथे सरकारने हात द्यावा.

आणि पालकांनो, दोन शब्द तुम्हालाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. परंतु केवळ शिक्षेच्या भयाने शहाणे व्हावे, असे आम्ही म्हणणार नाही. दुचाकीने आमच्या मुलींना रात्रीच्या शेवटच्या बसच्या गुलामीतून सोडवले, कॉलेजात आणि नोकरीवर आपल्या पायांनी जायला शिकवले. हे स्वातंत्र्य आम्हाला मोलाचे वाटते. म्हणूनच ते चार दिवसांच्या पळापळीवर उभे असावे, हे आम्हाला सहन होत नाही.

सीटमागची दांडी धरून धावणाऱ्या त्या बापाची माया खरी आहे. पण दांडी सुटल्यानंतर पुढे जो रस्ता आहे, त्यावर मायेचा हात पुरत नाही. तिथे जाणत्याचा आवाज मुलीच्या कानाशी असावा, एवढीच आमची मागणी आहे.