ओट्याची उंची कोणाच्या मापाची?

शाळांच्या परीक्षा संपल्या, मुलं मामाच्या गावाला गेली की सोसायटीत कुठल्या ना कुठल्या मजल्यावर ग्रॅनाइट कापायचं मशीन सुरू होतं. कुणीतरी स्वयंपाकघर नवं करायला काढलेलं असतं. त्या घरात बोलणं चालतं ते लॅमिनेटच्या रंगाचं, ट्रॉल्या किती बसतील याचं, चिमणी कोणती घ्यावी याचं. ओट्यापाशी रोज सकाळ-संध्याकाळ कोण उभं राहणार, त्या माणसाची उंची किती, त्याचा हात किती वर पोहोचतो, हे मात्र क्वचितच विचारलं जातं. मापं घ्यायला येणारा मुलगा भिंती मोजतो आणि निघून जातो. घर लहान असेल तर हे फारच महागात पडतं. मोठ्या स्वयंपाकघरात चुकीच्या जागी ठेवलेली वस्तू चार पावलं जास्त चालवते, लहान स्वयंपाकघरात ती रोज आडवी येते.

आमच्या घरी यंदा हे काम झालं. इमारत डोंबिवलीतली, ऐंशीच्या दशकातली. स्वयंपाकघर ७ फूट रुंद आणि ९ फूट लांब, म्हणजे ६३ चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जेवायची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ५४ चौरस फूट असावं आणि त्याची रुंदी १.८ मीटरपेक्षा कमी नसावी. त्या हिशेबाने आमची खोली नियमात बसते. पण किमान मापाच्या जरा वरच्या खोलीत दोन पिढ्यांचा संसार चालवायचा, तर इंच न् इंच विचार करूनच वापरावा लागतो.

म्हणून कुठलाही कॅटलॉग उघडण्याआधी आम्ही न हलणाऱ्या गोष्टींची यादी केली. पहिला आला खिडकीखालच्या कोपऱ्यातला नहाणी ट्रॅप. त्याचा पाइप खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून जातो. तो हलवायचा तर फरशी फोडायची, जुनं वॉटरप्रूफिंग उखडायचं आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्यांच्या छताला ओल आली की जिन्यात भेटणं अवघड करून ठेवायचं. शिवाय सांडपाण्याच्या पाइपला दर फुटाला साधारण पाव इंच उतार द्यावा लागतो. सिंक जितकं लांब नेऊ तितका उतार वाढतो आणि वाटेत पाणी तुंबायच्या जागाही वाढतात. तेव्हा सिंक खिडकीच्या कोपऱ्यातच राहणार, हे ठरलं. दुसरी गोष्ट समोरच्या भिंतीतून नऊ इंच पुढे आलेला पिलर. त्यावर इमारतीचा भार आहे, त्याला हातोडा लावायचा विचारही मनात आणू नये. तिसरी गॅसची पाइपलाइन. तिची जागा बदलायची तर कंपनीचीच माणसं हवीत आणि पाइप भिंतीत गाडून टाकून चालत नाही, तो डोळ्यांना दिसला पाहिजे. चौथी खिडकी आणि पाचवं दार. दोन्ही आखूड भिंतींवर, समोरासमोर. एवढं कागदावर मांडलं आणि अर्धा आराखडा तिथेच तयार झाला. जे हलणार नाही ते आधी मान्य केलं की उरलेल्यावर डोकं चालवायला मोकळीक मिळते.

उभ्याने स्वयंपाक करणं आपल्याकडे तसं अलीकडचं. माझ्या आजीच्या घरी चूल जमिनीवर होती. पाटावर बसलं की उजव्या हाताला विळी, डाव्या हाताला परात, मागे फडताळ. बसल्या जागेवरून हात पोहोचेल तेवढ्यात सगळी मांडामांड असायची. पुढे ओटा आला, शेगडी वर गेली, पण बाकीच्या वस्तू पुष्कळ घरांत ओट्याखालीच राहिल्या. पिठाचा डबा खाली, तेलाचा कॅन खाली, कुकर खाली. उभं राहून काम करायचं आणि दर दोन मिनिटांनी वाकायचं, हा त्रास त्यातून जन्मला. बेगमीचे दिवसही आता सरले. वर्षाचे गहू आणि तांदूळ भरून ठेवणारी कोठी आमच्याकडे कित्येक वर्षं महिन्याच्या किराण्यासाठीच वापरली जात होती. ती काढल्यावर दोन बाय दोन फुटांची जागा मोकळी झाली. नव्या स्वयंपाकघराची सुरुवात अशा, आपण आता करत नसलेल्या कामांना निरोप देण्यापासून करावी.

लहान स्वयंपाकघराचा शास्त्रशुद्ध विचार जगात पूर्वी झालेला आहे. १९२६ मध्ये मार्गारेट श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. आगगाडीच्या भोजनडब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर कसं चालतं, हे त्यांनी पाहिलं. कुठल्या कामाला किती वेळ लागतो, किती पावलं पडतात, याचा हिशेब मांडला आणि मग कपाटं, खण, बसायचं स्टूल यांची जागा ठरवली. असं स्वयंपाकघर सुमारे दहा हजार घरांत बसवलं गेलं. त्या आराखड्यावर पुढे एक टीका झाली, आणि ती मला पटते: तिथे एकाच बाईला काम करता येतं, दुसऱ्या कुणाला आत शिरून हातभार लावायला जागाच नाही. क्षेत्रफळ आमचंही जवळपास तेवढंच. पावलं मोजायची त्यांची रीत आम्ही घेतली, पण दोन माणसं एकमेकांना धक्का न लागता वावरली पाहिजेत, अशी अट आमच्याकडून घातली.

ही अट पाळायची म्हणजे गणित आलं. ७ फूट म्हणजे ८४ इंच. एका बाजूला २४ इंचांचा ओटा. समोरच्या भिंतीलाही २४ इंचांचाच ओटा घ्या, भरपूर कपाटं मिळतील, असा सल्ला मिळाला. तसं केलं तर मध्ये उरतात ३६ इंच. ट्रॉली बाहेर ओढली की तिला २० इंच लागतात. मग ट्रॉली उघडून तिच्यासमोर उभं राहायला १६ इंच. त्यात माणूस धड वाकूही शकत नाही, मग मागून दुसऱ्याने जाणं दूरच. हे नुसतं कागदावर पटत नव्हतं, म्हणून रद्दीतले पेपर काढले, मापाप्रमाणे कापून हॉलच्या फरशीवर चिकटवले आणि त्यात प्रत्यक्ष उभे राहिलो. सासूबाई खाली वाकल्यासारखं करायच्या, मी त्यांच्या मागून पातेलं नेल्यासारखं करायची. तेवढ्यानेच निकाल लागला. समोर फक्त १५ इंच खोलीची मांडणी घ्यायची. मध्ये ४५ इंच मोकळे. ट्रॉली उघडी असली तरी २५ इंच उरतात. ज्यांच्या घरी काम निघणार आहे त्यांनी हा पेपरांचा खेळ जरूर करावा. त्याला काही खर्च येत नाही.

१५ इंचांत फ्रीज बसत नाही. तो आम्ही दाराबाहेर, पॅसेजमध्ये ठेवला. पाहुण्यांना दिसेल, बरं दिसणार नाही, असं सुरुवातीला घरातलेच म्हणत होते. पण स्वयंपाक करताना फ्रीज आपण किती वेळा उघडतो? भाजी, दूध, कोथिंबीर, लोणी एकदाच काढून घेतलं की झालं. दोन पावलं बाहेर जावं लागतं खरं, पण त्या बदल्यात ९ फुटांचा ओटा सलग मिळाला. खिडकीकडून दाराकडे येताना २४ इंच सिंक, मग ३६ इंच चिरण्या-निवडण्याची जागा, २८ इंच शेगडी आणि शेवटी २० इंच मोकळे. धुतलं, चिरलं, फोडणीला टाकलं, अशी कामं एकाच दिशेने पुढे सरकतात. शेगडी खिडकीपासून लांब गेल्याने वाऱ्याने ज्योत विझायची भीती नाही. आणि पिलरसमोर मांडणीचे जे सहाच इंच उरले होते, तिथे मसाल्याच्या बरण्या एका रांगेत उभ्या राहिल्या. बरणीमागे बरणी नाही, त्यामुळे जिरं शोधताना हळद हलवावी लागत नाही. साऱ्या घरात सगळ्यात जास्त हात लागतो तो याच सहा इंचांना.

आता उंचीचा मुद्दा. मेस्त्रींनी खडूने भिंतीवर ३६ इंचांची रेघ ओढली.

“वहिनी, हल्ली सगळीकडे हाच ओटा असतो.”

सासूबाई त्या रेघेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची उंची चार फूट दहा इंच. “अहो मेस्त्री, याच्यावर शेगडी, शेगडीवर कुकर. मला शिट्टी काढायला स्टूल घ्यावं लागेल.”

त्यांचं म्हणणं मी टेपने मोजलं. ३६ इंचांच्या ओट्यावर पाच इंचांची शेगडी, तिच्यावर आठ इंचांचं पातेलं. काठ आला ४९ इंचांवर. म्हणजे जवळपास त्यांच्या खांद्याशीच. आमटी ढवळताना कोपर हवेत, वाफ तोंडावर आणि उकळतं भांडं उतरवताना मनगटात जोर नाही. काम करायचा पृष्ठभाग कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली असावा, हा साधा नियम आहे. पोळ्या लाटताना तर अंगाचा भार पोळपाटावर यावा लागतो, म्हणून तिथे आणखी खाली हवं. सिंकचं उलट. तिथे हात भांड्याच्या तळापर्यंत जातात, म्हणून कडा उंच असली तर कंबर वाकत नाही. आमच्याकडे रात्रीची भांडी नवरा घासतो आणि घरात उंच तोच.

तेव्हा ओटा दोन उंचींचा केला. सिंक आणि चिरायची जागा ३४ इंचांवर, शेगडी आणि तिच्या बाजूचे २० इंच ३० इंचांवर. त्या २० इंचांत पोळपाट बसतो, आणि लाटलेली पोळी तव्यावर टाकायला पाऊलही उचलावं लागत नाही. “जोड दिसेल,” मेस्त्री म्हणाले. दिसतो. पण माझी मान आणि सासूबाईंचे खांदे यांच्यापुढे ग्रॅनाइटच्या जोडाची काय मातब्बरी! काम झाल्यावर स्वतः मेस्त्रींनीच पायरीची कडा हाताने चाचपून पाहिली, बोटाला लागत होती तिथे पुन्हा पॉलिश मारलं आणि पोळपाट मागून घेऊन तो नीट बसतो ना, याची खात्री केली.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते, पण सुरक्षिततेची एक सविस्तर. घरात सिलिंडर असेल आणि तो ओट्याखाली बंद कपाटात ठेवणार असाल, तर कपाटाला अगदी जमिनीलगत जाळी हवीच. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर छताकडे जातो, म्हणून तिथे वरची झडप किंवा एक्झॉस्टची खिडकी मोकळी लागते. नवं फर्निचर करताना देखणेपणासाठी नेमकी हीच भोकं बुजवली जातात. चिमणीचा पाइप जितका लांब आणि जितक्या वळणांचा, तितकी तिची ओढ कमी होते, हेही ती कुठे बसवायची ते ठरवण्याआधी बघावं. सिंकखाली प्लायवुडपेक्षा कडप्पा बरा, आणि प्लायच घ्यायचं तर मरीन, आयएस ७१० चा शिक्का पाहून. मिक्सर, ओव्हन, पाण्याचा फिल्टर यांची जागा टाइल्स लावण्याआधी ठरली पाहिजे, कारण प्लगची जागा मागाहून सुचली तर नवी भिंत फोडावी लागते. आणि ट्रॉल्यांची मापं टाइल्स आणि ओटा झाल्यावरच घ्यावीत. जुन्या इमारतींत भिंती क्वचितच काटकोनात असतात. अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी ट्रॉली अडते.

या सगळ्यात जमिनीवरची एक जागा आम्ही मुद्दाम रिकामी ठेवली. मांडणीच्या एका टोकाला, खालचा खण न करता, पाट आणि विळी राहील एवढी. नारळ खवायला आणि पालेभाजी निवडायला सासूबाईंना खाली बसणंच सोयीचं वाटतं. तिथे आणखी एक ट्रॉली सहज बसली असती. पण चाळीस वर्षं ज्या पद्धतीने त्यांनी काम केलं, ती मोडून ट्रॉली वाढवण्यात मला काही शहाणपण दिसलं नाही.

स्वयंपाकघराचं नूतनीकरण लाखांच्या घरात जातं आणि पुढची पंधरा-वीस वर्षं तेच वापरायचं असतं. इतक्या वर्षांची गुडघेदुखी, पाठदुखी, मानदुखी त्या पहिल्या मोजमापात ठरून जाते. तरीही अनेक घरांत कंत्राटदाराशी बोलणी करतो घरातला कर्ता पुरुष, आणि रोज पोळ्या करणारी बाई चहा द्यायला बाहेर येते. हे बदलायला हवं. जो रांधतो, जो भांडी घासतो, त्या प्रत्येकाला आधी भिंतीपाशी उभं करा, कोपराच्या उंचीवर पेन्सिलने खूण करा, त्या खुणेखाली नाव लिहा. मग मेस्त्रींना टेप उघडायला सांगा. आपल्याला मिळालेले चौरस फूट बिल्डरने ठरवले, त्यात आता आपल्या हातात काही नाही. पण त्या फुटांत कोणाला वाकावं लागेल आणि कोणाला ताठ उभं राहता येईल, हे अजूनही आपणच ठरवतो.